भावोजी दोनदा विचारत नाहीत

एकच गोष्ट दोनदा विचारणं हे आमच्या भावोजींच्या लेखी महापाप आहे, आणि ताईनं अशा माणसाशी लग्न केलं हा धक्का मला अजून पचलेला नाही. त्यांचं घराणं बंगळुरात कैक पिढ्यांचं, मराठी बरीचशी कन्नडमिश्रित आणि पोटापाण्याला जावास्क्रिप्ट. मी पहिल्यांदा जयनगरला त्यांच्या घरी गेलो तेव्हा कॉफीत साखर किती, उशी जाड की पातळ, आंघोळीचं पाणी कडकडीत की कोमट, हे सगळं त्यांनी दारातच विचारून घेतलं. त्यानंतर त्या घरात मला आजतागायत कुणी काही विचारलेलं नाही. मधुमेह निघाल्यावर मी भीतभीत साखर नको म्हणालो, तर दुखावल्या चेहऱ्यानं म्हणाले, "म्हणजे तुझा नवा साचा करणं आलं!"

त्यांचं कामही याच जातीचं. "साधं फंक्शन दर वेळी विचारत बसतं," त्यांनी मला समजावलं, "गिऱ्हाईक कुठलं, भाषा कुठली, पैसे रुपयांत की डॉलरांत? मी नुसता साचा लिहितो. प्रोग्राम चालू असताना गिऱ्हाईक आलं, की त्याच्यापुरतं नवं फंक्शन त्या साच्यातून तयार होतं. एकदा ठरलं ते परत विचारायचं नाही. सरी? कळलं ना?" मी हादरलोच. "म्हणजे जो कोड चालतो तो कुणी लिहिलेलाच नसतो? आणि चुकला तर?" "तर शोधायला स्वल्प त्रास होतो," ते शांतपणे म्हणाले. तेव्हापासून फोनवरून पैसे पाठवायच्या ऐवजी मी नोटाच मोजून देतो. बघण्याच्या कार्यक्रमातही त्यांनी बाबांना हेच ऐकवलं होतं, आणि बाबांनी ताबडतोब नकार कळवला होता. ताईनं अन्नपाणी सोडलं तेव्हा कुठे लग्न झालं.

पुढे बाबांना विसर पडू लागला. के. आर. पुरमचं माझं घर तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं, म्हणून ताईनं त्यांना जयनगरला नेलं. भावोजींना ते झेपलं नाही तर बाबांना दुसरं घर नव्हतं. पहिल्याच दिवशी जेवताना बाबांनी जावयाला विचारलं, "आपण काय करता?" भावोजींनी सांगितलं. भातावर ताक पडेपर्यंत बाबांनी पुन्हा तेच विचारलं. मी ताईकडे बघितलं. भावोजींनी खुर्ची पुढे ओढली आणि नव्यानं सुरुवात केली, या खेपेला इडलीपात्राचा दाखला देऊन. हात धुताना बाबांनी परत विचारलं, तेव्हा मोदकाचा साचा निघाला. मी आ वासून बघत होतो. बाबा माझ्या कानाशी लागून म्हणाले, "मुलगा हुशार दिसतो. होऊन जाऊ दे."

मी भावोजींना गाठलं. "अहो, उत्तर तर ठरलेलं आहे, मग दर वेळी पहिल्यापासून कशाला?"

"कुठे ठरलेलं आहे?" ते म्हणाले. "तेव्हा नकार आला होता. आता रोज होकार येतो."

हल्ली बाबा बोलत नाहीत. परवाच्या रविवारी जेवताना ते भावोजींकडे नुसते बघत राहिले. भावोजी खुर्चीच्या कडेला येऊन वाट बघत बसले, पानातला भात निवत गेला. मला ते बघवेना. शेवटी मीच विचारलं, "आपण काय करता?" भावोजींनी खुर्ची बाबांकडे ओढली आणि अगदी पहिल्यापासून सांगायला लागले. त्यांचं सांगून झाल्यावर बाबांची मान हलली, असं ताई म्हणते. मला नीट दिसलं नाही.

"हलली ना?" भावोजींनी तिला विचारलं. आणि ताट उचलता उचलता पुन्हा एकदा विचारलं.