स्त्रीपार्टाला वन्स मोअर

फ्रीमाँटमध्ये आमच्या घराजवळच्या लाँड्रीत कपडे ऑल्टर करणारा म्हातारा जपानी एके काळी सिनेमातली नायिका होता, हे मला कळलं माझ्या ब्लाऊजमुळे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बाळंतपणानंतर मी अशी सुटले होते की माहेरून आणलेला एकही ब्लाऊज दंडात चढेना. त्याने तोंडातल्या टाचण्या न काढता एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बाही उसवायला घेतली. "बाईच्या अंगाची मापं मला पाठ आहेत," तो म्हणाला. "विशीपर्यंत मी बाईच होतो." त्याला मी कधी अहो-जाहो केलं नाही. इंग्रजीत सगळे सारखेच, हे फार सोयीचं असतं.

त्याच्या देशात सुरुवातीच्या मूकपटांत बायकांची कामं रंगभूमीवरचे पुरुषच करत. मग खऱ्या बायका पडद्यावर आल्या आणि ह्याची गच्छंती झाली. एका फिरत्या नाटक कंपनीबरोबर तो कॅलिफोर्नियात आला. कंपनी बुडाली, तो इथेच राहिला. मी म्हटलं, माझे आजोबाही स्त्रीपार्ट करायचे. पद रंगलं की लोक 'वन्स मोअर' ओरडायचे आणि मग ते पुन्हा म्हणावंच लागायचं. तो चक्रावला. "आमच्यात उलटं," तो म्हणाला. नट मान फिरवून स्तब्ध झाला की मागच्या रांगेतून कुणीतरी त्याच्या घराण्याचं नाव पुकारायचं. ती हाक आली की मुद्रा पुरी झाली. हाक आल्याशिवाय नटाने हलायचं कसं? त्याला शेवटची हाक मिळाली होती ती दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकेने जपान्यांना डांबलेल्या छावणीत.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमात मीच त्याचा नंबर लावला. खरं सांगते, त्यात कणव वगैरे काही नव्हती; मला मंडळात मिरवायचं होतं. त्याची अट एकच, हाक मी द्यायची. महिनाभर इस्त्रीच्या वाफेत उभी करून त्याने माझ्याकडून आपल्या घराण्याचं तीन अक्षरी नाव घोटून घेतलं. मी घाई केली की टेबलावर कात्री आपटायचा. उशीर केला की काहीच बोलायचा नाही, नुसता शिवत बसायचा. "मरायच्या आधी एकदा नीट ऐकायचंय," एवढंच म्हणाला होता.

शाळेच्या कॅफेटेरियात, मसालेभाताच्या वासात, तो चेहऱ्याला पांढराफटक रंग फासून उभा राहिला. ऐंशीचा म्हातारा, मानेच्या सुरकुत्यांत रंग साचलेला, ओठ लालचुटुक. "मॉम, इज दॅट अ मॅन?" कुणाचं तरी पोरगं ओरडलं. शेजारच्या काकूंनी तोंडात पदर कोंबला.

तो सावकाश वळला, गुडघा टेकला, मान फिरवली आणि थांबला. नाव माझ्या ओठांवर होतं. तेवढ्यात मंडळाचे सेक्रेटरी माझ्या कानाशी लागले, "वहिनी, हे काय पकडून आणलंत यार? भात थंड होतोय." मी नाव गिळलं.

तो तसाच थांबला. मागून कुणीतरी टवाळीने ओरडलं, "वन्स मोअर!" मी सांगितलेलं त्याच्या लक्षात होतं. मान मिळाला असं समजून त्याने वाकून नमस्कार केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. ह्या खेपेला गुडघ्याचं हाड वाजलेलं दुसऱ्या रांगेत मला ऐकू आलं. मान फिरली, थांबली. "वन्स मोअर!" आता सगळेच ओरडले, आणि त्यात एक आवाज माझा होता. सगळे हसत असताना एकटीने न हसायला जी हिंमत लागते ती माझ्यात नव्हती. पण तो आवाज त्यानेच महिनाभर घडवला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं.

तिसऱ्यांदा त्याचे उचललेले हात खाली येऊ पाहत होते आणि रंगातून घामाचे ओघळ येत होते. तरी मुद्रा सोडेना. मग ओठ जेमतेम उघडून त्याने स्वतःच आपल्या घराण्याचं नाव पुकारलं. अगदी वेळेवर. आणि हात खाली घेतले.

त्या वर्षी सगळ्यात मोठा हशा त्यालाच मिळाला.

सोमवारी मी उरलेले ब्लाऊज आणायला गेले. ते घडी घालून तयार होते. काउंटरपाशी उभी राहून मी त्याला सॉरी म्हटलं, आणि मग, का कोण जाणे, हळूच ते तीन अक्षरी नावही उच्चारलं.

तो काहीच बोलला नाही. नुसता शिवत बसला.