एकाच बाँडचे दोन भाव

तुमच्याकडून कमिशनचा एक रुपयाही न घेणारा माणूस जगतो कशावर, असं तुम्ही त्याला कधी विचारलंत का? माझ्या आत्यानं विचारलं नव्हतं. मीही नाही.

आत्या कोथरूडला एकटी राहते. एका शाळेत ग्रंथपाल होती. लग्न केलं नाही, कुणाकडून काही घेतलं नाही. निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशांतले दहा लाख तिनं एका कंपनीच्या बाँडमध्ये घातले. म्हणजे कंपनीला कर्ज दिलं. मुदतीपर्यंत व्याज, मग मुद्दल परत. मध्येच पैसे लागले तर तो बाँड दुसऱ्या कुणाला तरी विकायचा, आणि ते जमवून द्यायला ब्रोकर.

हा ब्रोकर त्या सोसायटीतल्या निम्म्या घरांत जायचा. चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवायचा, दिवाळीत उटण्याचं पाकीट द्यायचा. पहिल्याच भेटीत आत्यानं त्याला बजावलं होतं, "हे बघा, कमिशनबिमिशन मी देणार नाही."

"मॅडम, तुमच्याकडून? एक रुपया नाही."

आत्या जिंकली, असं तिला वाटलं. पुढे कितीतरी दिवस ती हे जिन्यात भेटेल त्याला ऐकवत होती. आमच्या पुण्यात हे असंच चालतं. कमिशन वाचवलं की छाती फुगते. मुळात भाव काय लावला, ते विचारणं मात्र कुणाला सुचत नाही. शंभराचा बाँड त्यानं तिला एकशेतीनला दिला होता. "चांगल्या मालाला थोडे जास्त पडतात," एवढं कारण तिला पुरलं.

यंदा तिचे दोन्ही गुडघे बदलायचं ठरलं. बाँड विकला की ऑपरेशनचे पैसे निघत होते, आणि नंतर दोन महिने दिवसरात्र घरी राहणाऱ्या बाईचेही. बाई कशाला, आमच्याकडे ये, असं माझे बाबा तिला पुन्हापुन्हा सांगत होते. "तुमच्या हॉलमधल्या दिवाणावर पडून तुमच्या मालिका बघायला मी येणार नाही," ती म्हणाली. "माझं घर आहे. मी माझ्या घरी बरी होईन."

ज्या दुपारी ब्रोकर आला, त्या दुपारी मी तिच्याकडेच होते. त्यानं कॉफी घेतली, गुडघ्यांची चौकशी केली आणि म्हणाला, "चौऱ्याण्णव."

"शंभराचे चौऱ्याण्णव?"

"मॅडम, मार्केट पडलंय. घेणारेच नाहीत. तुमच्यासाठी कसाबसा एक गाठलाय. संध्याकाळपर्यंत सांगा, नाहीतर तोही जाईल."

तो गेला. आत्या कपाळ धरून बसली. शंभरामागे सहा गेले म्हणजे जवळपास साठ हजार गेले, म्हणजे घरी राहणारी बाई गेली. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका पुरवणी परत करायला आले. (पुरवणी परत करतात. मुख्य अंक आत्या देतच नाही.) आम्ही त्यांना काय झालं ते सांगितलं, तर ते सोफ्यावर ताठ बसले.

"घेणारे नाहीत? अहो, हाच बाँड घ्या म्हणून तो माझ्या मागे लागलाय!"

त्यांनी तिथूनच त्याला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. मी गॅलरीत गेले. तो अजून खाली पार्किंगमध्येच होता, स्कूटरला टेकून.

"काय हो, तो बाँड आहे का अजून? भाव काय?"

"काका, एकशेएक. शेवटचे थोडेच राहिलेत. फार मागणी आहे."

"आणि कमिशन?"

"छे, तुमच्याकडून?" स्कूटरच्या आरशात केस सारखे करत तो म्हणाला.

"वा. आमच्यावर फारच जीव तुमचा."

आत्यानं फोन ओढून घेतला. "अहो, मी बोलतेय. घेणारे नाहीत म्हणालात ना? एक माझ्या सोफ्यावर बसलेत."

त्यानं वर पाहिलं. मला वाटलं, आता हा ओशाळेल. कसलं काय! "मॅडम, घेण्याचा भाव वेगळा, विकण्याचा वेगळा. मधलं अंतर मार्केट ठरवतं."

"मार्केट आत्ता स्कूटरला टेकून उभं आहे," माझ्यामागून गॅलरीतून खाली डोकावत काका म्हणाले.

"बरं, आपले जुने संबंध आहेत. सत्त्याण्णव करतो."

मला शिसारी आली ती या सत्त्याण्णवाची. खोटं पकडलं गेल्यावर माणूस निदान गप्प बसेल, चिडेल, फोन ठेवेल. यानं दोन जिने उतरून खिशात घातलेल्यातले तीन रुपये परत काढून दाखवले, आणि तेही उपकार केल्यासारखे.

काकांना बाँड घ्यायचा नव्हताच. मी आणखी एका ब्रोकरला विचारलं. तो पंचाण्णव म्हणाला आणि तोही कमिशन घेत नव्हता. शेअर बाजारात आत्याच्या खात्यावरून शंभराच्या भावानं विकायला लावून पाहिलं, तर त्या बाँडला तिथं कुणी विचारेना. हॉस्पिटलची तारीख जवळ आली. शेवटी आत्यानं त्याच माणसाला सत्त्याण्णवला विकला. कागदावर कमिशनच्या जागी शून्य आहे. सगळं कायद्यात बसत असेल. शंभरावर दिलेले तीन आणि शंभराखाली सोडलेले तीन मात्र कुठल्याच रकान्यात नाहीत.

माझे बाबा कारखान्यात युनियनचं काम करायचे. मी जमिनीवर बसून पत्रकांच्या घड्या घालत वाढले, वाचायलाही त्यांवरच शिकले. त्या पत्रकांत लुटणारा लगेच ओळखू यायचा. तो गेटच्या आत असायचा, गाडीतून उतरायचा. आपल्याच कपात कॉफी पिऊन, गुडघ्यांची चौकशी करून जाणाऱ्यावर आमच्याकडे एकही पत्रक नव्हतं. हे मी बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मग काढ की. कुणाची वाट बघतेस?"

आत्याचं ऑपरेशन नीट झालं. पहिला महिना ती तिच्या घरी होती. दुसऱ्या महिन्याच्या बाईचे पैसे उरले नाहीत आणि भावाकडून ती घेणार नाही. आता ती आमच्या हॉलमध्ये, दिवाणावर आहे. टीव्हीकडे पाठ करून झोपते. काल वॉकर धरून दारापर्यंत गेली आणि विचारत होती, "इथून माझ्या घरी रिक्षाला किती घेतात गं?"

म्हणून एवढं करा. तुमच्या घरात कुणी ब्रोकरकडून बाँड घेत असेल, तर कमिशन विचारू नका. "आत्ता घेतला तर किती, आणि आत्ताच तुम्हाला परत विकला तर किती?" असं विचारा. दोन्ही भाव एकाच कागदावर, त्याच्या हातानं लिहून घ्या. तो हसेल, घड्याळ बघेल. बघू दे. लिहिल्याशिवाय त्याला कॉफी देऊ नका. आणि तो कागद घेऊन शेजारच्या घराची बेल वाजवा.