उसने कान

वीस व्होल्टवर चालणारं खेळण्यातलं रेल्वे इंजिन मी थेट भिंतीतल्या प्लगला जोडलं. इंजिन रुळावरून वीतभर पळालं, ठिणगी उडाली, धूर निघाला आणि घरातले दिवे गेले. मी शाळेत विज्ञान शिकवतो. विजेचा धडा माझ्याकडेच असतो.

इंजिन पत्र्याचं, विलायती, माझ्यापेक्षा वयाने मोठं. संभाजीनगरच्या जुन्या बाजारातून ते आणलं होतं, आणि वर्गात चालवून दाखवणार असं सगळ्या शाळेला सांगून बसलो होतो. जळकं इंजिन पिशवीत घालून मी गेवराईत मिस्त्रींकडे गेलो. मिस्त्रींचं नाव बाबूराव; पण त्या नावाने त्यांना फक्त मतदारयादी ओळखत होती. विहिरीवरच्या, बोअरमधल्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून द्यायचं त्यांचं दुकान. मिस्त्रींनी इंजिन उलटं केलं, हुंगलं.

"काय पाजलं ह्येला, गुरुजी?"

"दोनशे तीस व्होल्ट."

"आन् पोरांला काय शिकिवता?"

मिस्त्री मेंढपाळाच्या घरातले. बाप कळप घेऊन हिंडायचा, आजारी मेंढरू अंधारातही नुसत्या खोकण्यावरून ओळखायचा. मिस्त्रींनी तेच मोटारींवर चालवलं. भरलेली मोटार ते कधी तशीच गिऱ्हाईकाच्या हाती देत नसत. आधी टेबलावर शिकंज्यात आवळायची, गोल बटणाच्या डब्यातून करंट थोडाथोडा वाढवत न्यायचा. "पाव्हण्याला आधी पाणी, मग ताट," असं ते म्हणत. मग पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक मोटारीवर, मूठ कानाला, आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकायचं. मोटार कुरकुरली तर तिलाच विचारायचे, "काय बे, कुठं दुखतंय?"

आणखी एक रीत होती. स्वतःचं ऐकून झालं की ते पेचकस गिऱ्हाईकाच्या हाती देत. "तुमी ऐका बरं." मी बसलो होतो तेव्हा तलवाड्याच्या दत्तोबांची पाण्यातली मोटार टेबलावर होती. दत्तोबांनी मूठ कानाला लावली आणि म्हणाले, "मिस्त्री, मधीच दाणा अडकल्यावानी वाजतंय." मिस्त्रींनी मोटार पुन्हा उघडली आणि बेअरिंग बदललं. एवढा जाणता कारागीर, पण गिऱ्हाईकाचा केवढा मान ठेवतो, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या परिपाठात विनम्रतेचं उदाहरण म्हणून मी ही गोष्ट रंगवून सांगितली. टाळ्याही घेतल्या.

माझ्या इंजिनाची मोटार आक्रोडाएवढी. तिची तार केसासारखी. पाण्याच्या मोटारींच्या रांगेत ती बसवायला मिस्त्रींना आठ दिवस लागले. दत्तोबा दुसरी मोटार घेऊन आलेले; ते म्हणाले, "कापूस वाळाया लागला, आन् मिस्त्री आगगाडी करत्यात." मिस्त्री मान वर न करता म्हणाले, "आजारी ते आजारी. बारकं म्हणून बाजूला सारायचं व्हय?"

चाचणीच्या दिवशी मोटार इंजिनातून काढलेलीच होती. तीनचार बोटांत मावेल एवढी ती वस्तू मिस्त्रींनी फडकं घालून शिकंज्यात धरली आणि करंट दिला. फिरली. मला हर्ष झाला. मिस्त्रींनी पेचकस लावला. त्या दिवशी ते फार वेळ ऐकत होते. मग मोटारीला बोट लावून पाहिलं, पुन्हा कान लावला. शेवटी पेचकस माझ्यापुढे धरला.

"तुमी ऐका, गुरुजी. आवाज एकसारखा हाय का बघा."

मी ऐकलं. आत कुणीतरी तवा खरवडतंय असा आवाज होता. आता, आक्रोडाएवढ्या मोटारीचा आवाज कसा असतो हे मला काय ठाऊक? पण दुकानात दत्तोबा धरून पाचसहा माणसं होती, सगळी माझ्या तोंडाकडे पाहत होती. विज्ञानाच्या शिक्षकाने "कळत नाही" म्हणायचं? मी मान डोलावली.

"उत्तम. अगदी एकसारखा."

"नक्की?"

"शंभर टक्के."

मिस्त्रींनी बटण फिरवलं. पंधरा व्होल्ट, वीस व्होल्ट. मोटार जोरात फिरली, आणि मग तिच्यातून तोच वास आला जो माझ्या घरी आला होता. मिस्त्रींनी झटकन करंट तोडला. तारेचा एक वेढा वर आला होता, तो फिरताना लोखंडाला घासून सोलला गेला होता.

मागून दत्तोबा हळूच म्हणाले, "घासल्यावानी वाजत हुतं खरं. गुरुजी म्हणले, म्हणून म्या गप बसलो."

"तुमाला तिथवर ऐकू आलं?" मिस्त्रींनी विचारलं. दत्तोबांनी खाली पाहिलं. मिस्त्री माझ्याकडे वळले. "तुमाला काय ऐकू आलतं, गुरुजी?"

"खरखर," मी म्हणालो.

मिस्त्री चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. फडक्याला हात पुसत ते म्हणाले, "दोन सालं झाली, मला बारीक आवाज येत न्हाई. मोठी मोटार हाताला थरथरती, तिचं कळतं. राहिलेलं गिऱ्हाईकाला इचारून घेतो. तुमची मोटार हाताला बी बोलंना."

"आमाला ठावं हाय, मिस्त्री," दत्तोबा म्हणाले.

"मग कावून बोलला न्हाईत?"

"काय बोलायचं त्येच्यात. आमी सांगत हुतो की, काय वाजतंय ते."

मिस्त्रींनी शिकंजा सैल करून मोटार काढली. ज्या माणसांना आपण फसवतोय असं दोन वर्षं त्यांना वाटत होतं, ती माणसं दोन वर्षं त्यांना सांभाळत होती. माझं खोटं नसतं तर हे कुणालाच बोलावं लागलं नसतं.

त्यानंतर मिस्त्रींचा कुणाच्या कानावर भरवसा राहिला नाही. पेचकस गिऱ्हाईकाच्या हाती देणं त्यांनी थांबवलं. चांगली चाललेली मोटार पुन्हा उघडायचे, पुन्हा भरायचे. शेतकरी हेलपाटे घालून थकले. बीडहून कानाचं यंत्र आणलं, तेही काढून ठेवलं. "त्येच्यात भांडं बी तसंच वाजतं आन् मोटार बी तशीच," म्हणाले. पुढच्या उन्हाळ्याआधी दुकान बंद झालं. मी भेटायला जायचो तेव्हा ते ओट्यावर बसलेले असत. मी मोठ्याने शाळेच्या गमती सांगायचो, ते हसायचे. पण माझ्या हसण्याकडे बघून हसायचे. इंजिनाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

या पौषात मिस्त्री गेले. मी दहाव्याला गेलो. वाटेत एसटीत वाक्यं जुळवून ठेवली होती. मी म्हणणार, चूक माझी. काकू, म्हणजे मिस्त्रींच्या पत्नी, म्हणणार, असं मनाला लावून घेऊ नका. मग मी डोळे पुसणार.

काकूंनी आधी आतून एक गाठोडं आणून पुढे ठेवलं. त्यात माझं इंजिन होतं. मोटार नव्या तारेने भरलेली, वेढा ना वेढा बसवलेला. "लई दिस बसले हुते घिऊन," काकू म्हणाल्या. "करंट दिला न्हाई पर. म्हणले, ऐकणार कोण."

माझी जुळवलेली वाक्यं विस्कटली. तरी त्यातलं एक मी रेटलंच. "काकू, त्या दिवशी मी बोललो नसतो तर मिस्त्रींचं दुकान चालू राहिलं असतं. माझ्याकडून चुकून झालं."

काकू पुढ्यातली तूर निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"चुकून कशाचं, गुरुजी? कान त्येंचे गेलते. तुमचे तर हुते."