टपरीवरचं तक्रारवाचन

जळगावच्या आमच्या ऑफिसने शेतातली मोटर मोबाइलवरून चालू-बंद करायचं ॲप बनवलं. त्यातल्या न सुटलेल्या तक्रारींची यादी कुणालाही वाचता यावी, असा हट्ट मीच धरला होता. म्हटलं, कोण वाचतंय.

खालच्या टपरीवर एक आबा यायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. चष्मा कपाळावर चढवून, मोबाइल हातभर लांब धरून ते ती यादी रोज मोठ्याने वाचत. "पहूरवालानी मोटर आजबी बंद व्हत नही. वावरमा तळं व्हई जाई." मग घरचं कुणी दवाखान्यात असल्यासारखा चेहरा करून बशीतला चहा निववत बसत. सगळी टपरी हळहळायची. त्या ॲपचा प्रोग्रॅम लिहिणारा मी, पाठ करून चहा प्यायचो.

शेवटी लाजेखातर मी एकेक चूक दुरुस्त केली. पहूरची मोटर मोबाइलवरून बंद व्हायला लागली, यादी रिकामी झाली.

दुसऱ्या दिवशी आबांनी टपरीवरूनच तक्रार टाकली, "वाचाले एकबी तक्रार नही. लवकर दुरुस्त करा."

त्याखाली टपरीवाल्यासकट चौघांनी दुजोरा दिला होता, "आमलेबी हाऊच त्रास शे."