चिमीच्या बाटलीची चव

सोलापुरात बदलून येऊन मला दोन महिने झाले होते, आणि गावात माझ्याशी सगळ्यात जास्त बोलणारी व्यक्ती पाच महिन्यांची होती.

ती म्हणजे आमची चिमी. तिचं बोलणं ‘आग्गू’ या एकाच शब्दात आटोपत असे. पण माझ्याशी तेवढंही कोण बोलत होतं! गल्ली सगळी तेलुगू विणकरांची. दिवसभर दोन्ही भिंतींपलीकडून मागांची खटखट चालायची. शाळेत मी शास्त्र आणि नीतिपाठ शिकवायचो, पण तिथं नवा. आणि ज्या एका माणसाच्या जिवावर मी हा नवा संसार मांडला होता, ती माझी बायको सुमन, कावीळ होऊन सरकारी दवाखान्यात पडली होती.

डॉक्टरांनी बजावलं होतं, “बाळाला जवळ आणायचं नाही. दूधही वरचंच द्या.” माझी आई नव्हती. सासूबाई नातेपुत्याला, तिथं सुनेचं बाळंतपण काढत बसलेल्या. मग रजा टाकली आणि घरात राहिलो. मी आणि चिमी.

संध्याकाळी तिला खांद्यावर टाकून मी दवाखान्याच्या आवारात जाऊन उभा राहायचो. वरच्या मजल्याच्या खिडकीत सुमन यायची. हात हलवायची. मी चिमीचा हात धरून हलवायचो. चिमी बघायची समोरच्या लिंबावरच्या कावळ्याकडे. इतक्या लांबून ओरडून काय बोलणार? आणि ओरडून बोलावं असं काही आमच्यात कधी नव्हतंच. जरा वेळानं नर्स यायची, खिडकी बंद व्हायची, आणि आम्ही दोघं परत फिरायचो. वाटेत मी चिमीला विचारायचो, “आज आई जरा कमी पिवळी दिसली, नाही?” चिमी म्हणायची, “आग्गू.” बरं वाटायचं.

अशात आमची काचेची बाटली फुटली. (‘फुटली’ म्हणजे मी धुताना सोडली. निपलही तुकड्यांबरोबर कचऱ्यात गेलं.) तो दिवस मी वाटी-चमच्यानं निभावला. म्हणजे एक चमचा चिमीच्या पोटात, दोन तिच्या झबल्यावर आणि एक माझ्या चष्म्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला कडेवर घेऊन दुकान गाठलं.

दुकानदारानं आतून एक दुधी रंगाची बाटली काढली आणि माझ्या देखत फरशीवर आपटली. मी डोळे मिटले. चिमी हसली.

“फुटत न्हाय!” तो म्हणाला. “प्लॅस्टिक हाय सर. आता समदं ह्येच येनार बगा.”

मी बाटली नाकाशी नेली. नव्या कंगव्यासारखा वास आला. “पण यात गरम दूध घातलं तर प्लॅस्टिकातलं काही दुधात उतरणार नाही ना?”

“उतरायला काय पायऱ्या हायत का त्याला?”

या उत्तरावर शास्त्राच्या शिक्षकानं पैसे मोजले. बाटली घेऊन घरी आलो.

आल्याबरोबर ती उकळायला ठेवली. सुमन काचेची उकळायची, म्हणून मीही. थोड्या वेळानं घरभर वास सुटला. पातेल्यात डोकावलो, तर बाटलीनं मान वाकडी केलेली! रुसलेल्या पाहुण्यासारखी ती एका अंगावर कलून बसली होती. मी चिमट्यानं बाहेर काढली, झाकण जोर लावून घट्ट बसवलं आणि दूध भरून चिमीच्या तोंडाला लावली.

चिमीनं ओढलं. थांबली. माझ्याकडं पाहिलं. (तशा नजरेनं पुढं फक्त एकदा शिक्षणाधिकाऱ्यांनी पाहिलं.) पुन्हा ओढलं, आणि मग असा टाहो फोडला की शेजारचे माग थांबले.

पुन्हा लावली. पुन्हा टाहो. आता माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. भूक आहे, दूध आहे, तरी पोर पीत नाही. म्हणजे दुधाला चव आलीय! चव आली म्हणजे काहीतरी उतरलंय! काय उतरलंय? सुमन तिकडं आजारी, आणि मी इकडं तिच्या लेकीला काय पाजायला निघालो होतो? विचारावं तर कुणाला? भिंतीला? चिमीला विचारलं, “चिमे, कडू लागतंय का गं?” ती ‘आग्गू’ही म्हणेना. नुसती रडत होती, आणि खरं सांगायचं तर माझेही डोळे भरून आले होते.

एकच मार्ग उरला. मी अंगणात बसलो, चिमीला मांडीवर घेतलं, आणि बाटली स्वतःच्या तोंडाला लावली.

चांगली जोरात ओढली. गाल आत गेले, मिशी रबराला टेकली. जिभेवर कडूजहर चव पसरली! आणखी जोर लावून ओढतोय तोच समोरून आवाज आला, “अय्यो!”

शेजारची पद्मक्का. हातात सुताच्या लडी. दोन महिन्यांत आमचं बोलणं ‘पाणी आलं का’ एवढंच झालेलं. तिनं पाहिलं ते असं : पोर मांडीवर भुकेनं रडतंय आणि बाप डोळे मिटून तिचं दूध पितोय.

“मास्टर! लेकराचं दूध तुमी पेताव?”

“नाही, नाही पद्मक्का!” मी बाटली मागे लपवली. (का लपवली, ते आजही मला सांगता येत नाही.) “यात विष आहे की काय ते बघतोय!”

आता, मराठीतलं ‘बघतोय’ तिच्यापर्यंत पोचलं नाही, पण ‘विष’ तेलुगूतही विषच असतं. लडी तिथंच टाकून ती गल्लीकडं वळली आणि ओरडली, “विषम् तागिनाडू! मास्टर विष पिला ओ!”

माग धडाधड बंद पडले. आमच्या अंगणात दोन महिन्यांत पोस्टमनखेरीज कुणी पाऊल टाकलं नव्हतं. त्या अंगणात घटकाभरात उभं राहायला जागा उरली नाही. पद्मक्काचा नवरा नरसय्या पुढं झाला. अंगानं आडदांड, हात मागावर तयार झालेले.

“बायकू आजारी हाय म्हनून जीव देत्यात का मास्टर?” तो दुःखानं म्हणाला.

“अहो, जीव कशाला देऊ? मी फक्त चव...”

“बडबडाय लागला! मीठ आना!”

मिठाचं पाणी आलं. दोघांनी हात धरले, एकानं नाक दाबलं, नरसय्यानं तांब्या ओतला. पुढचं वर्णन मी टाळतो. एवढंच सांगतो की सकाळचा चहा, आदल्या दिवसाची भाकरी आणि माझी प्रतिष्ठा, सगळं अंगणात आलं. ते पाहून गर्दीची खात्रीच पटली.

कोपऱ्यावरून चांदभाईचा टांगा आला. “क्या हुआ मास्टर कू?”

“जहर पिया बोलते.”

“या अल्ला! बिठाव बिठाव, जल्दी बिठाव!”

मला आडवं घातलं. नरसय्या माझ्या पायांवर बसला, बहुधा मी पळून जाऊ नये म्हणून. पद्मक्का चिमीला कडेवर घेऊन पुढं, बाटली पुरावा म्हणून पदरात गुंडाळलेली. मागून अर्धी गल्ली पळत. मी पडल्या पडल्या म्हणालो, “मी ठणठणीत आहे हो!” चांदभाईनं हळहळून मान हलवली आणि घोड्याला चाबूक लावला.

रोज ज्या आवारात मी एकटा उभा राहायचो, तिथं आज मिरवणुकीनं पोचलो. चौघांनी मला उचललं. आणि वरच्या खिडकीतून हाक आली, “अहो!”

सुमनचा आवाज. इतके दिवस नुसता हात हलताना पाहिला होता; आवाज विसरायलाच झाला होता. मान वळवेपर्यंत ती जिना उतरून खाली आलीसुद्धा. अनवाणी, पिवळीधमक, मागून नर्स धावतेय. नरसय्यानं खालूनच ओरडून ‘मास्टर विष पिला’ असं तिला सांगून टाकलं होतं. ती थोड्या अंतरावर थांबली, पदर तोंडाशी धरून.

“अहो, काय केलंत हे? मी बरी होतेय की! एवढा धीर नाही निघाला?”

किती सांगायचं होतं! घर कसं खायला उठतं, संध्याकाळी खिडकी बंद झाल्यावर पाय कसे निघत नाहीत. पण मिठानं घसा सोललेला. जेमतेम निघालं ते असं, “तुझ्यासाठी नाही गं. बाटलीसाठी.”

हे ऐकून ती जास्तच रडायला लागली.

डॉक्टर आले. “काय प्यालात?”

“दूध.”

“दुधात काय होतं?”

“प्लॅस्टिक.”

डॉक्टरांनी आधी माझे डोळे तपासले, मग डोकं. पद्मक्कानं पदरातून बाटली काढून दिली. त्यांनी ती उलटी धरली. थेंब पडला नाही. हलवली. नाही. दाबली. नाही. मग निपल उजेडाकडं धरून बराच वेळ बघत राहिले.

“मास्तर, या निपलला भोक कुठाय?”

“भोक... आत असतं ना?”

“नवं निपल सुई तापवून टोचावं लागतं. हे बंद आहे. पोरीनंच काय, तुम्हीसुद्धा यातून थेंब प्यालेला नाहीत! रबर चोखत होतात!”

पहिल्यांदा नर्स हसली. मग चांदभाई. ‘निपल’ म्हणजे काय ते नरसय्याला तेलुगूत सांगावं लागलं, त्यामुळं तो उशिरा हसला, पण सगळ्यात जास्त हसला. आणि सुमन! भिंतीला टेकून, पोट धरून हसत सुटली. नर्स ओरडली, “अहो बाई, तुम्हाला विश्रांती सांगितलीय!” तरी ती थांबेना.

नर्सनं सुई तापवून निपल टोचलं. दूध दुसरं आणलं. पद्मक्काच्या मांडीवर चिमीनं श्वास न घेता बाटली रिकामी केली.

मी हळूच विचारलं, “पण डॉक्टर, प्लॅस्टिकचं काय? उतरत असेल का दुधात काही?”

ते गंभीर झाले. “खरं सांगू? मला माहीत नाही. आमच्या पुस्तकांत अजून ते आलेलं नाही. तुम्ही काचेचीच घ्या. आणि घट्ट धरायला शिका.”

त्या दिवसापासून गल्ली माझी झाली, असं म्हणायला हरकत नाही. पण झालं काय, की चिमी गल्लीची झाली. सकाळ झाली की पद्मक्का तिला उचलून न्यायची. “मास्टरकडं लेकरू ठेवनं बरं न्हाय” असं सगळ्यांचं एकमत होतं. मी एकटा घरात बसून मागांची खटखट ऐकायचो, आणि मधूनच पलीकडून चिमीचं हसू यायचं. आता ‘आग्गू’ म्हणायलाही कुणी उरलं नव्हतं. शेवटी कंटाळून रजा मोडली आणि शाळेत हजर झालो.

बाटलीची बातमी माझ्याआधीच तिथं पोचली होती. मुख्याध्यापकांनी खोलीत बोलावून दार लावून घेतलं.

“मास्तर, घरी आजारपण, गाव परकं. माणूस एकटा पडला की होतं असं, मी समजू शकतो. पण भरदिवसा, अंगणात, लेकराला मांडीवर घेऊन बाटली?”

“सर, ती तसली बाटली नव्हती!”

“मग कसली?”

“प्लॅस्टिकची.”

“म्हणजे आता प्लॅस्टिकमधूनही यायला लागली?”

“सर, शपथेवर सांगतो, एक थेंबही पोटात गेला नाही!”

त्यांनी कमालीच्या करुणेनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. “सगळे हेच म्हणतात, मास्तर.”

आणि माझा नीतिपाठाचा तास काढून चित्रकलेच्या सरांना दिला. (ते सर रोज रात्री घेत. पण काचेच्या ग्लासातून!)