शटरखालून डोकावणारी होडी

कयाक घेतली तेव्हा ती ठेवायची कुठे याचा विचार मी केलाच नव्हता, असं आई अजून म्हणते. केला होता. गॅरेज होतं की. हिंजवडीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण बंगळुरूला चालली होती. तिथल्या फ्लॅटमध्ये एवढं लांब धूड मावणार नव्हतं, आणि आमचं घर मुळशीत, धरणाच्या पाण्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. तिनं विचारलं, मी हो म्हणून बसले. दिवाळी नुकतीच झाली होती. शनिवारी सकाळी टेम्पोच्या टपावर बांधलेली ती लालभडक, दोन माणसांची होडी आमच्या अंगणात उतरली.

आबा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर विळ्याला धार लावत बसले होते. त्यांनी मान वर केली.

"ही काय भानगड हाय?"

"कयाक."

"कायक?"

"होडी, आबा. वल्ह्यानं चालवायची."

त्यांनी होडीभोवती एक फेरी मारली, बाजारात बैल बघताना मारतात तशी, आणि बोटानं टकटक करून पाहिलं. "प्लॅस्टिक हाय," ते जरा खट्टू होऊन म्हणाले. मग वाकून बघितलं. "ही दोन भोकं कशाला?"

"एकात एक माणूस बसतो, दुसऱ्यात दुसरा."

"मंग आधी दुसरा आणायचा," आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली. "होडी मागनं आली असती."

माझ्या लग्नाचा विषय कुठूनही निघू शकतो, हे मला ठाऊक होतं. होडीतून निघेल असं वाटलं नव्हतं.

गॅरेज हा शब्द आमच्याकडे जरा सैलपणे वापरतात. गाडी घेतली तेव्हा आबांनी मोठ्या हौसेनं घराच्या बाजूला पत्र्याचं छप्पर टाकून, वर गुंडाळणारं शटर लावून ते बांधून घेतलं. गाडी तिथे एक पावसाळा राहिली. मग भाताची पोती आली. पोत्यांच्या मागोमाग पाण्याची जुनी मोटर, गणपतीचं मखर, शिडी आणि कधीतरी लागेल म्हणून ठेवलेलं सगळं आलं. गाडी अंगणात ताडपत्रीखाली गेली आणि तिथेच रमली. आता या सगळ्यात होडी.

जमिनीवर ठेवायला जागा नव्हती. उन्हात ठेवली तर प्लॅस्टिक वाकतं, असं मैत्रिणीनं बजावलं होतं. शेवटी छपराच्या लोखंडी पट्ट्यांना टांगायचं ठरलं. आबा बैलाचा कासरा घेऊन आले. बारीक दोरीनं होडीला वळ पडतात म्हणून मी टेम्पोवाल्याकडून माल बांधायचे रुंद पट्टे मागून घेतले होते. आबांना ते पटलं नाही. पन्नास वर्षं कासऱ्यानं काय काय बांधलं याची उजळणी करत त्यांनी पट्टे ओढले. होडी डोक्याइतक्या उंचीवर लोंबकळू लागली, तिरपी टांगूनही गॅरेजपेक्षा हातभर लांबच. तिचं लाल नाक शटरच्या रेषेबाहेर आलं. शटर त्या नाकापर्यंतच खाली यायचं आणि तिथे टेकून थांबायचं.

"रस्त्यावरनं दिसतंय," आई म्हणाली. "घरात काहीतरी आडवं टांगून ठेवलंय, लोक काय म्हणतील?"

"होडी म्हणतील," मी म्हटलं.

लोक काय म्हणतील ते पुढच्याच रविवारी कळलं.

आबांच्या चुलत भावाचे जावई जमिनीचे व्यवहार करतात. पौडपासून ताम्हिणीपर्यंत कुठला बांध कुणाचा ते त्यांना पाठ आहे. आमचा रस्त्याकडेचा तुकडा, जिथून धरणाचं पाणी दिसतं, तो त्यांच्या डोळ्यांत बरीच वर्षं भरला होता. आबांना विकायचा नव्हता. पण गावच्या जावयाला तोंडावर नाही म्हणायचं म्हणजे आबांना जिवावर यायचं. म्हणून दर दोन-चार रविवारी पाहुणे यायचे, चहा व्हायचा, आबा "बघू की" म्हणायचे, आणि पाहुणे "बघू की"चा अर्थ हो असा घेऊन जायचे.

त्या रविवारी पाहुणे खुर्चीत टेकले आणि त्यांची नजर गॅरेजकडे गेली.

"मामा, ते काय हो लाल?"

आबांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. "होडी."

"होडी? कशाला?"

"असूंद्या म्हटलं." आबांनी एक घोट घेतला. "कवा लागंल सांगता येत न्हाई."

पाहुण्यांनी धरणाच्या दिशेला पाहिलं. पावसाळ्यानंतर पाणी तुडुंब होतं, उन्हात चकाकत होतं. "म्हणजे? पाणी वाढणार हाय का काय? भिंत उंच करणार?"

"मी काय बोलत न्हाई, पाव्हणं."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मी काय बोललोय का?" आबा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "काय गं, हिच्यात दोघं बसत्यात न्हवं?"

मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं, असं आई म्हणते. पण आबांचा चेहरा इतका निर्विकार होता की मला राहवेना. "दोघंच," मी म्हटलं.

"मंग म्हातारी आन् मी. ही पवून यील," आबांनी पाहुण्यांना समजावलं.

पाहुण्यांनी त्या दिवशी जमिनीचं नाव काढलं नाही. चहा अर्धा ठेवून, मोटारसायकलला किक मारून ते गेले. आबांनी उरलेला चहा स्वतःच्या बशीत ओतला. ते पोटभर हसले असते, पण आई उंबऱ्यात उभी होती.

"खोटं बोललात," ती म्हणाली.

"काय खोटं बोललो? होडी हाय म्हटलं, हाय. दोघं बसत्यात म्हटलं, बसत्यात. बाकी त्याचं तो बोलला."

हे अक्षरशः खरं होतं. तेच तर अवघड होतं.

बुधवारी हिंजवडीहून कंपनीच्या कॅबनं परत येताना ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, तुमच्या गावात पाणी शिरणार म्हणे. एका घरानं होडीपण आणून ठेवली." मी कुठलं घर ते विचारलं नाही. गुरुवारी दूध डेअरीवर आबांना चौघांनी घेरलं. आबांनी चौघांनाही सांगितलं की ते काही बोलत नाहीत. त्यांच्या न बोलण्याचा बोलण्यापेक्षा जास्त परिणाम व्हायचा. लोक गॅरेज बघायला येऊ लागले. आबा शटर वर करायचे आणि आत हात दाखवून बाजूला उभे राहायचे, देवळाचा गाभारा उघडून दिल्यासारखे. एकानं विचारलं, किती दिवसांचं सामान बसतं. एकानं नवा गोठा बांधायला काढला होता, त्यानं विटा परत पाठवल्या. प्रत्येकाला चहा करता करता आईचं दूध संपलं.

शुक्रवारी माझी चुलती आली, शेजारचीच.

"भावजी," ती आबांना म्हणाली, "आमच्या म्हशीचं काय?"

"म्हशीचं काय?"

"तुमी दोघं जाशीला होडीत. आमी पौडला जाऊ पोरीकडं. म्हस कशी न्यायची?"

"म्हस पवती की," आबा म्हणाले. हेही खरंच होतं.

चुलतीनं मान डोलवली. मग सहज म्हणावं तसं तिनं सांगितलं की निम्मी भाताची पोती कालच पौडला लेकीच्या घरी पोचवलीत, बाकीची उद्या जातील. टेम्पो ठरवलाय.

आबांचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पडलेला पाहिला. चुलती गेल्यावर ते ओट्यावर टेकले. विळा हातात होता, धार लावत नव्हते.

"आता जाऊन सांगा तिला," आई म्हणाली.

"काय सांगू? मी तर कायच बोललो न्हाई."

"तेच सांगा."

आबा गेले. दहा मिनिटांत परत आले. त्यांनी पाणीबिणी काही येत नाही असं शपथेवर सांगितलं, तर चुलती म्हणाली, भावजी, तुमाला कुणी गप बसायला सांगितलंय ना, समजलं मला. आणि टेम्पोवाल्याला फोन लावला, उद्याचा आजच ये म्हणून.

संध्याकाळी सरपंच आल्या. त्या माझ्याबरोबर शाळेत होत्या, त्यामुळे मला डोळ्यांनीच काय ते विचारत होत्या. "आबा, लोक ग्रामपंचायतीत येऊन विचारतायत. मी काय सांगू?"

आबांनी तोंड उघडलं, पण आई मधे पडली. "काय सांगू नका. रविवारी समद्यांना पाण्यावर बोलवा. ती होडी पाण्यात घालू. खेळणं हाय ते लोकांना दिसलं की झालं."

"मी न्हाई बसायचो," आबा म्हणाले.

"तुमीच बसायचं," आई म्हणाली. "आन् मी पण. दोघं बसत्यात न्हवं?"

रविवारी सकाळी मी आणि टेम्पोवाल्यानं मिळून होडी खाली उतरवली आणि काठावर नेली. अर्धा गाव आला होता. पाहुणे एका बाजूला मोटारसायकलला टेकून उभे होते. आबांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता, त्यावर मी केशरी लाइफ जॅकेट चढवलं, त्यावर त्यांची टोपी. आईनं जॅकेट लुगड्यावर आवळून घेतलं आणि कुणी सांगायच्या आत पुढच्या भोकात जाऊन बसली. आबा मागे बसले. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून होडी धरली, वल्हं कसं मारायचं ते दोनदा दाखवलं आणि सोडून दिलं.

होडी गोल फिरली. परत फिरली. आबा एकाच बाजूला वल्हं मारत होते आणि चेहरा असा ठेवला होता की हेच ठरलं होतं.

"आगं बाई, ही तर जात्यागत फिरतीया," चुलती काठावरून म्हणाली.

लोक हसायला लागले. आधी हळू, मग सरपंचसुद्धा. आईचा पुढून आवाज आला, "दुसऱ्या अंगानं मारा." "तू गप बस." "मंग गोलच फिरा." आबांनी दुसऱ्या बाजूला वल्हं मारलं. होडी सरळ झाली आणि काठाकाठानं चालू लागली. बरीच पुढे जाऊन करवंदीच्या जाळीपलीकडे दिसेनाशी झाली.

आम्ही वाट बघत राहिलो. मला खरं तर धाकधूक होती. मी काठाकाठानं पळायला लागणार, तेवढ्यात लाल नाक जाळीमागून बाहेर आलं. वल्हं आईच्या हातात होतं. आबा मागे हाताची घडी घालून बसले होते, इनामदारासारखे.

सरपंच लोकांकडे वळून म्हणाल्या, "बघितलं ना? पाणीबिणी काय नाही. म्हातारा-म्हातारीची मजा चाललीय."

अफवा तिथेच मेली. विटा परत आल्या. चुलतीचं भातही परत आलं. ते उतरवताना ती आमच्या घराकडे पाठ करून उभी राहिली होती. चार दिवस आबांशी बोलली नाही. पाचव्या दिवशी आली आणि म्हणाली, "मला कवा बशिवणार?"

पण खरी अडचण सोमवारीच मोटारसायकलवरून आली होती. पाहुणे कधी नव्हे इतके खुशीत होते.

"मामा, पाणी येत न्हाई हे लई झ्याक झालं. आन् काल ते बघून माझ्या डोक्यात कल्पना आली." ते उठून गॅरेजपाशी गेले, परत टांगलेल्या होडीच्या नाकावर हात ठेवला. "प्लॉट नुसते विकायचे न्हाईत. बंगले करायचे. आन् परत्येक बंगल्याला होडीचं गॅरेज. पुण्याची माणसं पळत येत्यात बघा."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छपराकडे पाहिलं.

"होडी बुडती कवा कवा," आबा म्हणाले.

"जॅकेट देऊ."

"वारं लई असतं हितं."

"गॅरेज मोठं बांधू. तुमच्यासारखं नाक भाईर नको."

आबा "बघू की" म्हणणार, हे त्यांच्या ओठांवर दिसत होतं. तेवढ्यात आई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. "पाव्हणं, जमीन इकायची न्हाई," ती म्हणाली. "च्या घ्या."

आबांनी नजर जमिनीत रोवली. पाहुण्यांनी कप उचलला, घोट घेतला.

"साखर जरा कमी हाय," ते म्हणाले.

आईनं आणखी साखर आणली. मग भाताला यंदा दर काय मिळाला त्यावर गप्पा झाल्या. पाहुण्यांनी दोन कप चहा घेतला आणि ते गेले. आबा कितीतरी वेळ फाटकाकडे बघत होते. इतकी वर्षं ज्या शब्दाला ते भीत होते, तो चहाबरोबर वाढता येतो हे त्यांना नवीन होतं. त्यांना ते थोडं लागलंही असावं, कारण रात्रीच्या जेवणात त्यांनी भाकरी नीट झाली नसल्याचं सांगितलं. झाली होती.

पुढे ताम्हिणीच्या रस्त्याला, दुसऱ्याच कुणाच्या माळावर, बंगल्यांच्या प्लॉटचा मोठा फलक लागला. त्यावर निळं पाणी आहे, आणि पाण्यात लाल होडी, तिच्यात पाठमोरी दोन माणसं. पाहुण्यांनी काठावरून फोटो कधी काढला कुणास ठाऊक. मागच्याच्या डोक्यावर पांढरी टोपी स्पष्ट दिसते. मला राग आला. पाहुण्यांना फोन करून विचारायचं मी ठरवलं होतं.

आबा नको म्हणाले. त्या बाजूला कामाला गेलो की ते मला गाडी थांबवायला लावतात आणि काच खाली करून फलक बघत बसतात. त्यांची तक्रार एकच आहे, आणि ती त्यांनी पाहुण्यांनाही सांगून झालीय.

"हिला म्होरं दाखवलीय," ते म्हणतात. "लोकांना वाटंल हीच चालवती."