सांध्यावरची परीक्षा

“वहिनी, पाहा बरं मले!”

पंडरी बाजारातल्या ठोक कापडाच्या दुकानातून सुटला की आमचा हा शेजारी थेट माझ्या ओट्यासमोर येऊन उभा राहायचा. चपला काढायचा आणि गल्लीतल्या सिमेंट रस्त्याच्या मधोमध जो सांधा आहे, त्याच्यावरून पावलाला पाऊल चिकटवत मारुतीच्या देवळापर्यंत जायचा. मागून स्कूटरवाले हॉर्न वाजवायचे. हा हात वर करून म्हणायचा, “रुको भैया, परीक्षा चालू है.”

तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हीही हसला असता. अख्खा ब्राह्मणपारा, आमचा सारा मोहल्ला, हसायचा. चाळिशी ओलांडलेला बाप्या, आणि हा खेळ! तांदूळ निवडता निवडता मीही म्हणायची, “भाऊजी, सर्कशीत जाता काय?”

“पास का नापास, तेवढं सांगा.”

“पास.”

मग तो चपला घालून घरी जायचा. घरी कोणीच नव्हतं.

आधी थोरला भाऊ होता. तो चालताना झोकांड्या खायचा, हात आपोआप उडायचे, जीभ अडखळायची. पाऱ्यातली पोट्टी ‘बेवडा, बेवडा’ म्हणत मागे लागायची. बिचाऱ्याने कधी थेंब चाखला नव्हता. बापाकडून आलेला, मेंदू झिजवणारा रोग होता तो, हंटिंग्टन नावाचा. बापाला असला की लेकराचं छापा की काटा. भाऊ त्यातच गेला. याचं नाणं अजून हवेत होतं.

एकदा मी माझ्या मावसबहिणीचं स्थळ काढलं, तर हात जोडून म्हणाला, “नको वहिनी. तिले काहून फसवू?” मला रागच आला. म्हटलं, मग रक्त तपासून घ्या, एकदाचा सोक्षमोक्ष लागेल.

“लागंल. पण तो कागद घेऊन घरी आलो, तर सांगू कोणाले? भिंतीले? कागदावर नको वहिनी. तुमच्या तोंडून ऐकतो.”

तेव्हा कुठे मला त्या परीक्षेचा अर्थ कळला. बिघडलेल्या जीनला गप्प करणारं औषध परदेशात थेट मेंदूत सोडून पाहत होते. पण रोग नुकताच सुरू झालेल्यांनाच त्यात घेत. भावाच्या वेळी फार उशीर झाला होता. इथे ते कधी येईल, याला मिळेल का, देव जाणे. पण पहिली झोकांडी नजरेतून सुटू द्यायची नाही, असं त्याने ठरवलं होतं. आणि बाई गं, पहारेकरी कोण, तर मी!

माझं हसणं संपलं. दूध उतू जावो की पाहुणे येवोत, संध्याकाळी मी ओट्यावर.

मागच्या पोळ्याच्या सुमारास त्याचं पाऊल सांधा सोडून डावीकडे पडलं. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा. देवळाशी पोचून तो वळला आणि माझ्याकडे पाहत राहिला. ‘पास’ म्हणून टाकावं असं फार वाटलं हो.

“भाऊजी, नापास,” म्हटलं आणि मला रडूच फुटलं.

तो येऊन ओट्यावर बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. “रडता काहून? वेळेवर सांगितलं न तुम्ही. भावाले आम्ही कोणीच सांगितलं नव्हतं.” मग म्हणाला, “चहा टाकता का?”

आता तो बेंगळुरूला खोली घेऊन राहतो. तिथल्या मोठ्या इस्पितळात तपासणी केली, रोग निघाला. त्या औषधाची चाचणी आपल्या देशात सुरू झाली तर बोलावू, असं डॉक्टर म्हणालेत. तो वाट पाहतोय. संध्याकाळी व्हिडिओ कॉल करतो, फोन भिंतीला टेकवतो आणि फरशीच्या रेघेवरून चालतो. पास-नापास विचारत नाही.

परवा चालता चालता तो कडेला कलला आणि पडद्याबाहेर गेला. नुसती फरशी दिसत राहिली.

“वहिनी, पाहून राहिल्या न?” कुठूनसा आवाज आला.

“हव, भाऊजी,” मी म्हटलं. “पाहूनच राहिली.”